आधी हात, मग स्क्रीन

कारखान्यात तिला अडेलतट्टू म्हणत. लांब पडतं म्हणून नुसतंच तट्टू. कागद कापायची यंत्रं बनवणारा हा छोटा कारखाना तिच्या मामांचा. यंत्राला हुकूम देणारं सॉफ्टवेअरही मामांनीच लिहिलेलं, म्हणजे त्यात चूक असण्याचा प्रश्नच नव्हता.

चूक होती, आणि ती भाचीलाच सापडावी हे मामांचं दुर्दैव. पात्यासमोर प्रकाशाचा किरण असतो. हात आडवा आला की पातं थांबवायला सॉफ्टवेअरला इंटरप्ट जातो, म्हणजे हातातलं काम टाकून आधी इकडे बघ, अशी दारावरची थाप. उठावं, निरोप घ्यावा, लगेच परतावं, एवढीच रीत. पण पातं खाली सुटलं की किती काप झाले त्या मोजणीचाही इंटरप्ट येई, आणि मामांचा कोड तेवढ्यासाठी अख्खी स्क्रीन रंगवत बसे. पाहुण्याशी उंबरठ्यातच गप्पा. तोवर मागचा ताटकळत उभा, आणि मागचा म्हणजे कुणाचा तरी हात.

तिने ते रंगकाम इंटरप्टमधून हाकललं. तिथे फक्त आकडा वाढवायचा, स्क्रीन सवडीने. आता आकडे जरा अडखळत उमटू लागले.

“उद्या गिऱ्हाईक येतंय,” मामा म्हणाले. “होतं तसं कर.”

“नाही करणार.”

“अगं, इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“नशीब म्हणायचं. नशिबावर यंत्र विकायचं नसतं.”

“कारखाना माझा आहे.”

“मग तुम्हीच बदला. का बदललं ते गिऱ्हाइकाला मी सांगेन.”

मामांनी कोड उघडून जमाना लोटला होता. ते तणतणत गेले, ते थेट बहिणीकडे.

“ज्याने पोटापाण्याला लावलं, त्याच्यावरच उलटलीस?” आईने संध्याकाळी सुनावलं.

“उलटले,” ती म्हणाली, आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकापुढे मामांनी स्वतः यंत्र चालवलं. तोंडाची टकळी चालू, कापामागून काप. बोलण्याच्या भरात गठ्ठा सारखा करायला त्यांचा हात आत गेला, आणि पातं नुकतंच सुटलं होतं.

पातं बोटांच्या वर थबकलं. गिऱ्हाइकाचा चेहरा पांढराफटक. मामांनी हात हळूच बाहेर काढला आणि खिशात घातला.

“स्क्रीन अडखळतेय,” ते म्हणाले.

“अडखळू दे,” ती म्हणाली, आणि गठ्ठा सारखा करायची लाकडी फळी तिने त्यांच्या पुढ्यात आपटली.