दोऱ्याची खाच

पत्र्यावर टक टक टक. तीनदा, बोटाच्या पेरानं. माझी शिलाई मशीन थांबली आणि त्यानंतर कात्रीचा आवाज झाला नाही, की पलीकडच्या गाळ्यातून ही टकटक यायचीच. अर्थ ठरलेला होता : बाई, दोरा दातानं तोडू नका.

"चाचा, कात्री सापडत नाही," मी बसल्या जागेवरून ओरडायची.

"गळ्यात बांधा."

धाराशिवकडच्या वाशीच्या बसस्टँडमागं पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे. त्यातल्या एकात मी ब्लाऊज, शाळेचे ड्रेस आणि फॉल-पिकोचं काम करते. शेजारचा गाळा चाचांचा होता. दोघांच्या मध्ये फक्त एक पत्रा. त्यांच्या गाळ्याला पाटी नव्हती, त्यामुळं ते काय करतात हे बाहेरून कळायचं नाही. कुणी चावी बनवून घ्यायला यायचं, कुणी घड्याळ दुरुस्तीला. ते त्या लोकांना योग्य दुकानाची वाट दाखवायचे आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागायचे.

काम दातांचं होतं. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाची मापं यायची, त्यावरून ते प्लास्टरचे साचे ओतायचे आणि कवळ्या, कॅप तयार करून द्यायचे. डॉक्टर नव्हते आणि तसं कधी भासवलंही नाही. "आपलं काम तोंडाच्या भाईर," म्हणायचे. आत भिंतीवरच्या फळीवर पांढरे जबडे ओळीनं मांडलेले असत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते सगळे माझ्यावर हसतायत असं वाटलं होतं.

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, जी आपल्या कामाच्या खिडकीतूनच जग बघतात. चाचा बायकांशी बोलताना खाली बघायचे. बारा वर्षांत त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. बाजारात समोरून आले तरी ओळखायचे नाहीत. मी काही बोलले की मग, "अरे, ताई व्हय." पण प्लास्टरचा जबडा हातात आला की न पाहिलेल्या माणसाची कुंडली मांडायचे.

एकदा एक साचा दाखवून मला म्हणाले, "ह्यो तेरखेड्याचा. फटाक्याच्या कारखान्यातला."

"कशावरून?"

"पुढचे दोन दात बघा. आडवे झिजल्यात. सुतळी दातात धरून वढतो. फटाक्यावर सुतळी गुंडाळून गुंडाळून अशे होत्यात."

पुढच्या आठवड्यात तो माणूस खरंच कवळीबद्दल विचारत आला. तेरखेड्याचाच होता आणि फटाक्याच्याच कामावर. चाचांनी माझ्या दिशेनं पत्र्यावर एकदाच टक केलं. त्यातला आनंद पत्र्यातूनही कळत होता.

मोडलेली कवळी जोडून घ्यायला लोक थेट त्यांच्याकडं यायचे. जोडून झाली की चाचा घरच्या डब्यातून ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा काढून समोर धरायचे. "चावून बघा, मग बोला." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एका म्हाताऱ्या गुरुजींनी कवळी बसवल्या बसवल्या "छान, छान" म्हणून पिशवी उचलली. चाचांनी त्यांची वाट अडवली. "गुरुजी, छान नंतर. आधी चावा." गुरुजी उभ्या उभ्या सगळा तुकडा खाऊन गेले आणि जाताना चटणी नव्हती म्हणून बोलून गेले.

आता माझ्या दाढेची गोष्ट.

डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला कीड लागली होती. स्टँडसमोर नवा दवाखाना झाला होता. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या मुलीचं मोठं चित्र. तिथं जाऊन दाढेत सिमेंट भरून घेतलं. चार दिवसांनी त्या बाजूनं घास चावला की कळ डोक्यापर्यंत जाऊ लागली. पुन्हा गेले. डॉक्टरांनी तोंडात छोटा कॅमेरा घातला आणि माझी दाढ समोरच्या पडद्यावर टरबुजाएवढी करून दाखवली. त्या आकारात कुणाचीही दाढ भयानक दिसेल, पण हे तेव्हा सुचत नाही.

"मॅडम, हिला रूट कॅनाल लागेल. शेजारच्या तीन दाढाही कमजोर वाटतात. एकदमच चार कॅप करून टाका, पुढची कटकट मिटेल."

"त्या तीन तर दुखत नाहीत."

"दुखायच्या आधीच केलेलं बरं ना."

मग त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्यात नवी मशीन आली असती, तीही मोटरची. बाहेर टेबलावरच्या मुलीनं हप्त्यांचा कागद पुढं सरकवला. आजच ठरवलं तर सूट होती, उद्या नव्हती. घरी आले तर दुपारी तिचा फोन. दुसऱ्या दिवशी परत. "मॅडम, वेळ धरून ठेवू का? सर विचारतायत. इन्फेक्शन हाडात गेलं तर मग आम्हाला बोलू नका." मी दिवसभर लोकांशी कापडाच्या इंचाइंचावरून भांडणारी बाई. ब्लाऊजचं कापड कमी आणलं तर गिऱ्हाईकाला परत पाठवते. पण तोंड उघडून खुर्चीत पडलं की माणसाचं तोंड चालत नाही, आणि हाड हा शब्द ऐकला की डोकं चालत नाही. तिसऱ्या फोनला मी हो म्हणाले. जाऊन माप दिलं. तात्पुरत्या कॅप आधीच बनवून ठेवायच्या होत्या. मंगळवारी कॅप बसवायला चारही दाढा घासून बारीक करायचं ठरलं.

सोमवारी दुपारी पत्र्यावर टकटक झाली. मी तेव्हा दोरा तोडला नव्हता. कात्री हातातच होती.

"ताई, जरा इकडं या."

गेले. चाचांच्या हातात प्लास्टरचे दोन जबडे, वरचा आणि खालचा. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे तुमचं तोंड व्हय का?"

"तुम्हाला काय माहीत? नाव लिहिलंय?"

"नाव न्हाय, नंबर हाय." त्यांनी वरच्या पुढच्या दातावर नख ठेवलं. दाताच्या धारेत एक बारीक खाच होती. "ही दोऱ्याची खाच. वाशीत एवढा दोरा खाणारी दुसरी बाई न्हाय."

माझी जीभ आपोआप त्या दातावर गेली. खाच होती. आरशात रोज दात घासताना कधी दिसली नव्हती.

मग त्यांनी दोन्ही जबडे एकमेकांवर ठेवले आणि बोटानं हळूच दाबले. जबडे डुगडुगले. टेबलाचा एक पाय उंच असावा तसे.

"हलतंय बघा. हितं सिमेंट उंच राहिलंय. तोंड मिटलं की सगळा भार ह्या एका दाढंवर. दुखंल न्हाय तर काय."

मला त्याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मशीनचा एक पाय असाच आहे, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सारते.

"आणि बाकीच्या तीन?"

त्यांनी दोन्ही जबडे टेबलावर ठेवले. "साच्यात आतलं दिसत न्हाय, ताई. मी डॉक्टर न्हाय. पण घासलेला दात परत उगवत न्हाय. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात एकदा दाखवा. मग घासायचं तर घासा."

आणि मी निघताना म्हणाले, "मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नका. माझी निम्म्याहून जास्त कामं तिथनंच येत्यात."

हे वाक्य त्यांनी स्पष्ट उच्चारलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं.

मंगळवारी मी स्टँडसमोरच्या दवाखान्यात न जाता धाराशिवची एसटी धरली. केस पेपर काढला, दीड तास बाकावर बसले. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक्स-रे काढला, बाकीच्या तिन्ही दाढांवर ठोकून बघितलं, गार पाणी सोडून बघितलं आणि "ह्यांना काही झालेलं नाही" म्हणाली. मग दातात निळा कागद धरून चावायला लावलं. सिमेंटवर गडद निळा ठिपका उमटला. तिनं तो ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. मी खुर्चीत नीट टेकायच्या आत काम झालं. तीन-चार दिवसांत कळ गेली.

इथं थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला राग आला होता. एवढे दिवस भिऊन काढले, एका बाजूनं जेवले, नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे काढायला निघाले होते, आणि दुखणं त्यांच्याच सिमेंटचं. पाचव्या दिवशी मी त्या काचेच्या दारातून आत गेले. बाकांवर सात-आठ माणसं बसली होती. मला ती हवीच होती. डॉक्टर बाहेर आले तसं मी सगळ्यांसमोर विचारलं, "नुसतं सिमेंट उंच राहिलं होतं, तर चार कॅप कशाच्या लावत होता?"

डॉक्टर तापले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, कुणीतरी तुमची दिशाभूल केलीय. कोण म्हणालं असं?"

सरकारी डॉक्टरणीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण मला त्या माणसाला जागच्या जागी गप्प करायचं होतं. मी म्हणाले, "तुम्ही ज्यांच्याकडं माप पाठवता, त्यांनीच."

डॉक्टरांनी टेबलावरच्या मुलीकडं बघितलं. तिनं वहीकडं बघितलं. मी जिंकल्यासारखी बाहेर पडले, गाड्यावरून फुटाणे घेतले आणि डाव्या बाजूनं चावत गाळ्यावर आले.

दर गुरुवारी दवाखान्याचा कंपाउंडर निळा डबा घेऊन चाचांकडं यायचा. डब्यात नवी मापं असत. माझ्या त्या बोलण्यानंतरच्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी पत्र्यापलीकडं इतकी शांतता होती, की मला माझ्या मशीनची लाज वाटायला लागली.

मी उठून गेले. चाचा रिकाम्या टेबलावर फडकं मारत होते. मी उभी राहूनच सांगितलं. काय बोलले, कुणासमोर बोलले, सगळं.

त्यांनी फडकं झटकलं. "तुमच्या दातात दोरा टिकत न्हाय, बात कशी टिकंल?"

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी हात वर केला.

"चावून बघितलं का?"

"हो."

"दोन्ही बाजूंनी?"

"हो."

"दुखतंय?"

"नाही."

"मग झालं." आणि परत फडकं मारायला लागले, जिथं धूळ नव्हती तिथं.

मला माफी वगैरे नीट मागता येत नाही. मला काम करता येतं. पुठ्ठ्यावर "मोडलेली कवळी जोडून मिळेल" असं लिहून मी त्यांच्या दाराला लावलं. ब्लाऊज न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला घरी कुणाची कवळी ढिली आहे का, असं विचारायला लागले. एकीनं सासूची आणली, दुसरीनं सासऱ्याची. कवळ्या येऊन येऊन किती येणार? मग मनाचा हिय्या करून पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी बाकांवर कुणी नसताना. म्हटलं, त्या दिवशी मी रागात बोलले, त्यांचा काही दोष नाही.

डॉक्टरांनी मला बसायला खुर्ची दिली. "नाही नाही, त्याचा काही संबंध नाही. आम्ही आता सगळं लातूरला पाठवतो. तिथं मशीनवर होतं. ते तसंही ठरलंच होतं."

हसून म्हणाले. खरं म्हणाले का, ते मला आजही कळलेलं नाही. लातूरला मशीन आहे, हे खरं आहे. डबा यायचा थांबला तो गुरुवार माझ्या बोलण्यानंतरचाच होता, हेही खरं आहे. मी हे दोन्ही बाजूंनी चावून बघते. एका बाजूला अजून लागतं.

ईद झाल्यावर चाचांनी गाळा सोडला. लेक उमरग्याला असते, तिच्याकडं निघाले. सामान एका टेम्पोत मावलं. फळीवरचे जबडे त्यांनी पोत्यात भरले. एक मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कटिंगच्या टेबलावर आणून ठेवला.

"हे तुमचं. दुसऱ्याच्या हातात कशाला." आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाही, दाताकडं. "कात्री गळ्यात बांधा," म्हणाले.

बांधली. नाडीनं बांधली आहे. माझा तो जबडा कापडावर वजन म्हणून ठेवते. चांगला जड आहे, कापड हलत नाही. नव्या बायका दचकतात, मुलं बोट घालून बघतात. शेजारी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं आहे. तिथं दिवसभर गाणी चालू असतात.

शिवण संपते, मी मशीन थांबवते. बहुतेक वेळा कात्रीनंच दोरा कापते. एखाद्या दिवशी मात्र गाण्यांच्या मधल्या शांततेत मुद्दाम दोरा त्या खाचेत धरते, तोडते, आणि पत्र्याकडं बघत थोडा वेळ तशीच बसून राहते.