साबणाचा फेस

गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि चष्मा कपाळावर सारून, श्वास रोखून बघत राहायचं. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांचा दिवस असा सुरू व्हायचा. बुडबुडा दिसला नाही की म्हणायचे, "हां, आता लाव बटण."

असा एखादा भित्रा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. आम्ही त्यांना हसायचो.

परळच्या त्या कॉलेजात मी पीएचडी करत होते. लालभडक तापलेल्या भट्टीत झिंक ऑक्साइडच्या, केसाहून हजारपट बारीक तारा वाढवायच्या आणि त्यांपासून गॅसची गळती ओळखणारा सेन्सर बनवायचा, हे माझं काम. काका लालबागचे, मूळचे मालवणकडचे. म्हणायचे, "तुझा यंत्र होईसर माझो साबण बरो."

एकदा त्यांना यायला उशीर झाला. मला घाई होती. जोड न तपासताच मी हायड्रोजन सोडला आणि भट्टी चालू केली. दुपारी काका आले, सवयीने ब्रश फिरवला. सिलिंडरजवळच्या जोडावर फेस फुगला. फुगतच राहिला.

ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "बाय, सगळ्यांका घेवन भायर जा. खयच्याच बटणाक हात लावू नको. ठिणगी पडात."

दाराच्या काचेतून मी बघत होते. व्हॉल्व्ह बंद करताना पाना त्यांच्या हातून दोनदा निसटता निसटता राहिला. तो लोखंडावर आपटला असता तर?

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. "पयल्या नोकरीत माझो जोडीदार असोच गेलो," एवढंच बोलले. मग म्हणाले, "सरांका तूच सांग."

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते दारापर्यंत आले आणि थबकले. "कडीक हात जाणा नाय गो." त्यांनी लायब्ररीत बदली मागून घेतली. तिथे कुणाची खुर्ची सरकली तरी दचकायचे.

निवृत्तीच्या दिवशी ते वर प्रयोगशाळेकडे आलेच नाहीत. खालच्या आवारातून दोन्ही हातांनी मला बोलावत राहिले. काही सांगायचं असेल म्हणून भट्टी मैत्रिणीवर सोपवून मी चार जिने धावत उतरले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, डोक्यावर हात ठेवला.

"काय नाय. तुका भायर बघूची होती."

आणि वरच्या मजल्याकडे मान न उचलता ते फाटकाबाहेर पडले.