डेनिसच्या शेव्हेलचं इंजिन

वेंडेल कोवाच जेवायला बसत नाही. ताटली हातात घेऊन खिडकीशी उभा राहतो, दोन घास खातो, गॅरेजमध्ये एक चक्कर टाकतो आणि ताटली तिथेच एखाद्या रंगाच्या डब्यावर विसरून येतो. मग कधीतरी त्याची बायको डार्लीन गॅरेजमधून ताटल्या गोळा करून आणते. गाड्यांच्या कारखान्यांच्या या फ्लिंट शहरात मी त्यांच्या शेजारी निम्मं आयुष्य काढलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून वेंडेल मला अजून ‘टीचर’ म्हणतो. नोकरीभर त्याने गाड्यांना दारं बसवली. तेव्हा कारखान्याचा पट्टा सरकायचा आणि हा एका जागी उभा असायचा. आता पट्टा थांबलाय, म्हणून हा सरकतो, असं डार्लीनचं म्हणणं.

त्याचा थोरला भाऊ डेनिस मात्र बसायचा. खुर्चीत पाय पसरून बसायचा आणि गोष्टी सांगायचा. एकदा म्हणे त्याने बर्फावरून गाडी चालवत सरोवर ओलांडलं होतं. एकदा राज्यपालांच्या बायकोने त्याच्या हातचं चिकन पाप्रिकाश खाऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. लोक हसायचे, पुन्हा सांगायला लावायचे, आणि विश्वास कोणीच ठेवायचं नाही.

त्यातलीच एक गोष्ट त्याच्या गाडीची. १९७० ची शेव्हेल, गडद निळी. डेनिस सांगायचा, ती त्याने स्वतः मागणी नोंदवून बनवून घेतली होती. त्या वर्षी मिळायचं त्यातलं मोठं इंजिन, हाताने बदलायचे चार गिअर, पुढे सलग एकच सीट, आणि रेडिओ नको.

“रेडिओला पैसे नव्हते आणि इंजिनाला होते?” बड राझिक दर वेळी विचारायचा. बड म्हणजे शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानासमोर जुन्या गाड्या घेऊन जमणाऱ्या मंडळींचा आपोआप झालेला न्यायाधीश.

“इंजिन चालू असलं की रेडिओ ऐकतो कोण?” डेनिस म्हणायचा.

अडचण अशी की डेनिसच्या गाडीत मोठं इंजिन नव्हतं. पेट्रोल महागलं तेव्हा आपण ते काढून विकलं, पश्चिमेकडच्या सेलरीच्या शेतांवर पाणी उपसायला कोणीतरी ते नेलं, असं तो सांगायचा. त्या जागी साधं छोटं इंजिन बसवलेलं. आणि त्या वर्षीच्या शेव्हेलचं असं आहे की पुढच्या काचेखालच्या पट्टीवरचा गाडीचा नंबर फक्त गाडी आठ सिलिंडरची आहे एवढं सांगतो. आठ साधे की आठ राक्षसी, ते सांगत नाही. दुसऱ्या एका पत्र्यावरून रंग कळतो, सीटचं कापड कळतं, इंजिन कळत नाही. कारखान्याचा कागद सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला असायचा, तो उंदरांनी खाल्ला. उरला एकच साक्षीदार, खुद्द इंजिन. त्याच्या पुढच्या अंगाला बोटभर सपाट जागा असते, तिथे गाडीच्याच नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. दोन्ही नंबर जुळले तर गाडी खरी. नाही तर साध्या गाडीला मोठ्या गाडीची चिन्हं चिकटवलेली, अशा गाड्या ढिगाने आहेत. शनिवारची मंडळी बोनेट उघडलं की आधी टॉर्च घेऊन त्या बोटभर जागेवरच वाकतात.

डेनिस फुप्फुसाच्या आजाराने गेला. शेवटी इस्पितळात धाप लागत असतानाही त्याने ती गोष्ट पुन्हा काढली. वेंडेल खोलीत येरझारा घालत होता, थकला होता. तो हसला आणि म्हणाला, “पुरे रे डेनिस, निदान आता तरी.” डेनिसने तोंड भिंतीकडे केलं. नंतर दोघांचं विशेष काही बोलणं झालं नाही.

गाडी वेंडेलकडे आली आणि त्याची उरलीसुरली झोप गेली. डेनिसने त्या एका बाबतीत तरी खरं सांगितलं होतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. शेतकऱ्यांना फोन कर, भंगारवाल्यांकडे जा, पंप दुरुस्त करणाऱ्यांना गाठ, हेच चाललं होतं. शेवटी हडसनव्हिलजवळच्या एका बाईंनी सांगितलं, आमच्या शेडमध्ये तसलं एक धूड पडलंय खरं.

“टीचर, तुम्ही याच्याबरोबर जा,” डार्लीन म्हणाली. “मी गेले तर आमचं भांडण होईल, आणि एकटा गेला तर हा वाटेत खाणार नाही, लघवीलासुद्धा थांबणार नाही.”

त्या बाई, मिसेस फेल्डकँप, उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला वाटाण्याचं सूप प्यायला लावलं आणि त्याआधी प्रार्थनेला हात जोडायला लावले. वेंडेलचा गुडघा टेबलाखाली इतका हलत होता की चमचे वाजत होते.

“तुमच्या घरात आग लागली आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई.”

“मग सूप प्या.”

शेडमध्ये काळ्या दलदलीच्या मातीचा वास होता. हिरवा रंग फासलेलं, पंपाला जोडलेलं इंजिन कोपऱ्यात बसलं होतं. ते कुणाकडून घेतलं, हे बाईंना ठाऊक नव्हतं. “आमचे हे चार ठिकाणांहून इंजिनं उचलून आणायचे. कोणाची होती, ते त्यांनाच माहीत. न्यायचं तर सगळी शेड रिकामी करून न्या. मला कोंबड्या पाळायच्या आहेत.”

वेंडेलने रॉकेलचा बोळा घेऊन ती बोटभर जागा पुसली. आधी फ्लिंटच्या कारखान्याचं अक्षर दिसलं. मग दोन. मग शून्य. डेनिसच्या गाडीचा नंबरही तिथून तसाच सुरू होत होता. पण फ्लिंटच्या हजारो गाड्यांचा तसा असणार. ओळख पटवणारे शेवटचे चार आकडे रंगाच्या आणि गंजाच्या कडक पापुद्र्याखाली होते. वेंडेलने चाकू काढला, टोक टेकवलं, आणि हात मागे घेतला.

“इथे नको,” तो म्हणाला. “एक ओरखडा उमटला तरी बड म्हणेल, आकडे मीच कोरले. इंजिनवाल्या रूबेनच्या टाकीत उकळलं की आपोआप सुटेल सगळं.”

“फोटो तरी काढू?”

मी काढला. त्यात हिरवा रंग तेवढा आला.

रूबेन टॅली इंजिनं सुधारतो. सावकाश, चोख काम. कुठलंही जुनं इंजिन आलं की आधी ते गरम टाकीत उकळायचं आणि मग त्याचा वरचा पृष्ठभाग यंत्रावर केसभर तासून सपाट करायचा, ही त्याची रीत. पण नंबराची जागा त्याच पातळीत असते. यंत्र तिच्यावरून फिरलं की नंबर गेला. म्हणून इंजिन सोपवताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं, नंबर सोड. वेंडेलने ते म्हटलं. रूबेनने मान हलवली आणि इंजिनावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नंबर सोडणे’.

मग वेंडेलचे फोन सुरू झाले. सकाळी एक, जेवणाच्या वेळी एक, संध्याकाळी दुकान बंद होताना एक.

“झालं का?”

“अरे, माझ्यापुढे चार जणांचं काम आहे.”

“आकडे दिसले का?”

“अजून टाकीत घातलंच नाहीये, वेंडेल!”

“मग घाल ना. मी काय म्हातारा होऊ?”

“झालायस तू.”

शेवटी ही कटकट मिटवायची म्हणून रूबेन शनिवारी मुद्दाम दुकानात आला. इंजिन टाकीतून काढलं, धुतलं, यंत्रावर चढवलं. खडू टाकीतच धुऊन गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. रूबेनने तो खांद्याने कानाशी धरला. मी तेव्हा कोवाचांच्या स्वयंपाकघरात होते. वेंडेल अंगठ्याने टेबल बडवत विचारत होता, “झालं का?” पलीकडून यंत्राची घरघर येत होती. “ऐका, ऐका टीचर,” तो मला खुशीने म्हणाला, “काम चालू आहे!”

मग घरघर थांबली. “वेंडेल, तू इकडे ये,” रूबेन म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा इंजिन आरशासारखं चमकत होतं. त्या बोटभर जागेवर वेंडेलने अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

“आकडे होते?” त्याने विचारलं.

“होते. स्वच्छ होते,” रूबेन म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. “मी वाचले नाहीत. मी तुझ्याशी बोलत होतो.”

वेंडेलने बाहेर जाऊन ट्रकला तीन-चार फेऱ्या मारल्या आणि तो आत आला. रूबेनने तोवर कपाटातून लोखंडी ठशांचा संच काढला होता. “हे त्या काळचे आहेत. अक्षराची ठेवण तीच. तुझ्या गाडीचा नंबर मला सांग. तासल्याच्या रेघासुद्धा जुन्यासारख्या करतो. बडचा बाप आला तरी ओळखणार नाही.”

“विचार करतो,” वेंडेल म्हणाला.

त्याचा विचार म्हणजे चालणं. तो आठवडाभर गल्लीत इकडून तिकडे जात राहिला. डार्लीन दारातून ओरडायची, “हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण कुत्र्याला तरी घरी सोड, दमलंय ते!” एका संध्याकाळी तो माझ्या कुंपणाशी थांबला. थांबला म्हणजे पाय चालूच होते.

“टीचर, एखाद्या मुलाने उत्तर लिहिलं पण कसं काढलं ते दाखवलं नाही, तर तुम्ही मार्क द्यायचात?”

“मुलगा कोण, त्यावर.”

“तिथेच तर घोडं अडलंय,” तो म्हणाला. “मुलगा डेनिस आहे.”

त्याने कुत्र्याचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“समजा, तो खोटं बोलला,” तो म्हणाला. “मग मी ठसा मारायचा म्हणजे दोघे भाऊ खोटारडे. आणि समजा, खरं बोलला. मग त्याच्या खऱ्या इंजिनावर मी खोटा नंबर ठोकायचा? एवढ्या वर्षांत त्याची एक गोष्ट खरी निघत होती, ती मीच खोटी करायची?”

“मग झालं की.”

“काय झालं? मला अजून कळलेलं नाहीच. आता कळणारही नाही.” त्याने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. “त्याला मात्र सगळं माहीत होतं. आणि मी हसलो.”

दुसऱ्या दिवशी त्याने रूबेनला सांगितलं, ठसे आत ठेव, इंजिन जोड. मोठं इंजिन शेव्हेलमध्ये बसलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. शनिवारी त्याने गाडी डोनटच्या दुकानासमोर नेली. आम्हीही गेलो. गाडीपुढे सगळे ठेवतात तशी पाटी ठेवली होती, कारखान्यातूनच मोठं इंजिन, चार गिअर, सलग सीट, रेडिओ नाही. बड राझिक टॉर्च घेऊन वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“तासलंय,” तो म्हणाला.

“हो. माझ्या घाईने.”

“नंबर तासणारे सगळे असंच काहीतरी सांगतात.”

“सांगत असतील.”

“म्हणजे पुरावा नाही?”

“नाही.”

“मग कारखान्यातूनच मोठ्या इंजिनाची म्हणून पाटी कशाच्या जोरावर लावलीस?”

“डेनिसने सांगितलं.”

दोघे-तिघे हसले. बडने टॉर्च बंद केली. “डेनिसने मला असंही सांगितलं होतं की त्याच्या मिशीत एकदा हमिंगबर्ड येऊन बसला होता.”

“तेही खरं असेल,” वेंडेल म्हणाला. त्याने आपली घडीची खुर्ची उघडून बडकडे सरकवली आणि फडकं घेऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूची काच पुसायला गेला.