शेवंताची सही

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. सुनेला वाटतं, म्हातारीला झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे. वाटू दे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. एका संस्थेला बायकांना बँकेचा व्यवहार शिकवायला अनुदान मिळालं. रेणापूरजवळच्या आमच्या गावात चौथी शिकलेली बाई मी एकटीच, म्हणून वर्ग माझ्याकडे आला. दुष्काळी कामावर खडी फोडून बायका पारावर येऊन बसायच्या. शिकवायचं होतं कागद वाचणं, खातं समजून घेणं आणि सही. पण तपासायला येणारा साहेब सह्याच बघायचा. वाचून घ्यायला त्याला वेळ कुठे? मग मीही — सह्याच गिरवून घेतल्या. रांगोळी काढावी तशा. साहेब खूश, अनुदान चालू.

शेवंता माझी शेजारीण, विधवा. पहिली सही जमली तेव्हा म्हणाली, "अक्का, आता मला अंगठाबहाद्दर म्हणून तर बघ!" लई हसलो त्या दिवशी.

पुढे तिच्या दिराने तिला कचेरीत नेलं. दुष्काळी मदतीचा कागद हाय, म्हणाला. अंगठा लावणाऱ्याला कारकून कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. सही करणारीला कोण वाचून दाखवतो? तिने ऐटीत सही केली आणि विहिरीतला तिचा हिस्सा दिराच्या नावावर गेला. त्या उन्हाळ्यात गावात पाणी राहिलं होतं ते त्याच विहिरीला.

इथवर चूक म्हणता येईल. पण मी चूक सांगायला बसलेली नाही.

शेवंताने तक्रार केली, तेव्हा चौकशीला तहसीलदार गावात आले. शेवंता म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, साहेब. अक्कालाच इचारा." सगळे माझ्याकडे वळले. शेजारी संस्थेचा साहेब उभा. नाही म्हटलं असतं तर वर्ग बंद झाला असता. मग काय — माझी लेकरं उपाशी मरणार होती? नव्हती. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. लोक मला 'बाई' म्हणायचे, त्याची गोडी लागली होती. तेवढंच.

"येतं की," मी म्हणाले. "मीच शिकवलंय."

शेवंता भांडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "येतं म्हणे मला." आणि घागर उचलून निघाली — दुसऱ्या शिवारातल्या पाण्याला.

नंतर तिने कधी सही केली नाही. रेशनवर, बँकेत, मी रांगेत मागे उभी असले तरी, शाईत अंगठा बुडवायची आणि मोठ्याने सांगायची, "वाचून दाखवा." मी खाली बघायची.

ती गेली. वर्गाबद्दल माझा सत्कार झाला होता. ती शाल अजून पेटीत आहे.

शेवंताला वाचता येत नव्हतं.