तक्रारीचा फोन

मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्या, पण घरी स्वस्थ बसल्या नाहीत. पालकांशी कसं वागावं, हे शिक्षकांना शिकवत त्या शाळाशाळांतून फिरत. शिक्षक कपाळाला आठ्या घालूनच येत. दिवसभर बोलून घसा बसलेला, त्यात हे प्रशिक्षण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! पण बाई वस्ताद. स्वतःच पालक होऊन समोर बसत आणि भल्याभल्यांना घाम फोडत.

"करा मला फोन," त्या म्हणत.

एखादे तरुण सर सुरू करत, "तुमच्या मुलाचा अभ्यास..."

"ठेवला मी!" सगळे हसत. "पहिला फोन कौतुकाचा करायचा. तक्रार नंतर."

"आणि कौतुकासारखं काही नसलंच तर?"

"तर तुम्ही मुलाकडे अजून नीट पाहिलेलंच नाही."

मग त्या एका शाळेची हकिगत सांगत. त्या शाळेतून घरी फोन जाई तो फक्त तक्रारीचा. नियमच होता तसा. तिसरीतल्या एका मुलीच्या आईला एका आठवड्यात तीन फोन गेले. वही आणली नाही, उशीर झाला, बडबड फार करते. आई कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. चौथ्या दिवशी मुलीला धाप लागली. तिला दम्याचं औषध कोणतं देतात, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आईला कधी कुणी विचारलंच नव्हतं. पाच वेळा फोन लावला. शाळेचा नंबर पाहून आईने पाचही वेळा कापला. मुलगी वाचली नाही.

ती शाळा बाईंचीच होती, नियमही त्यांचाच. तेवढं मात्र त्या गिळून टाकत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

त्या वेळी आई त्यांच्या केबिनमध्ये येऊन ढसाढसा रडली होती. "बाई, माझंच चुकलं. मी फोन उचलायला हवा होता." शेजारी तिचा नवरा मान खाली घालून उभा होता. तुमची नाही, चूक आमची, एवढंच म्हणायचं होतं. पण चौकशी होईल, शाळेचं नाव जाईल, या भीतीने बाईंची जीभ रेटली नाही. त्यांनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची त्यांना पुढे फार लाज वाटली.

अकरा वर्षांनी मनाचा हिय्या करून त्या तिच्या दारी गेल्या. एवढीशी खोली. आई शर्टांना बटणं लावत बसली होती. तिने घाईघाईने खुर्ची रिकामी करून दिली. बाईंनी बसता बसताच सगळं सांगून टाकलं. "शाळेच्या फोनची धास्ती तुम्हाला आम्हीच घातली. नियम माझा होता. तुमची काही चूक नव्हती हो."

आईने हातातल्या शर्टाचं बटण पुरतं लावून दोरा तोडला. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"हे तेव्हा बोलायचं होतंत, बाई," ती म्हणाली. "हे शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं असतं. त्या दिवसापासून माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. मागच्या वर्षी गेले."