जवाईबापू जिंकले पाहिजेत

आमच्या घराण्यात आजवर कोणीही, कुठलाही खेळ हरलेला नाही. दर वेळी समोरच्यानेच रडी केलेली आहे.

हे मत बाबांचं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. बुद्धिबळात मात झाली की बाबा वजीर उचलून विहिरीत टाकत. (मात आम्ही मानत नसू, वजीर मात्र जायचाच.) मी विटीदांडूत बाद झालो की दांडू विहिरीत. उन्हाळ्यात गाळ काढायला आमचा गडी गंगाराम दोराने खाली उतरला की वर आवाज यायचा, "भाऊ, इथं तं खेळाचं दुकान हाय!"

अशा घरात जावई आला, तो नेमका खेळाडू.

ऐंशी-एक्क्याऐंशीची दिवाळी असेल. गिरडच्या अलीकडे आमचं शेत, शेतातच घर. माझी थोरली बहीण शकूताई लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आली होती. सोबत भाऊजी. ते भिलाईला एका कारखान्यात नोकरीला होते. माणूस सरळ, उंच, कमी बोलणारा. ताटात वाढलेलं सगळं संपवणारा. त्यांनी बॅगेतून धोतर-टोप्यांच्या घड्यांखालून दोन प्लास्टिकच्या तबकड्या काढल्या. एक पांढरी, एक लाल. कारखान्यातल्या कोण्या परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना भेट दिल्या होत्या. आईने त्या डब्याची झाकणं समजून आत नेल्या आणि पाच मिनिटांनी पांढरीत चिवडा घालून भाऊजींसमोर ठेवला.

भाऊजींनी चिवडा संपवला, तबकडी पुसली आणि खेळ समजावून सांगितला. दूर एक टोपलं ठेवायचं. तबकडी फेकायची. जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची. ज्याची तबकडी कमी फेकींत टोपल्यात जाईल तो जिंकला.

"अन् पंच कोण?" बाबांनी लगेच विचारलं.

"पंच नसते, बाबा. आपला आकडा आपणच सांगाचा. आपली चूकही आपणच सांगाची."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. आपली चूक आपणच सांगायची! असा खेळ जगात कोणी खेळत असेल यावर आमचा विश्वास बसेना.

आता त्या दिवाळीत काय अडलं होतं ते सांगतो. ताईला बी.एड. करायचं होतं, वर्ध्याला. म्हणजे वर्षभर नवऱ्याला भिलाईला एकटं सोडून वर्ध्यालगत सिंदी मेघेला मावशीकडे राहायचं. लग्नाला झाले होते सहा महिने! विचारायचं कोणी आणि कसं? बाबांनी बेत आखला. भाऊबीजेच्या जेवणात, भाऊजींच्या पानात तिसरा अनारसा पडला की विषय काढायचा. तोवर जवाईबापूंच्या कपाळावर एकही आठी पडता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"दिन्या," बाबा म्हणाले, "उद्या सकाळी खेळ हाय. जवाईबापू जिंकले पायजे."

"अन् मी?"

"तू हसत हसत हरजो."

ताईने मला मागच्या दारी गाठलं. "दिनू, माहं बी.एड. तुह्या रागाच्या हाती हाय रे. एक दिवस गप राहजो."

"ताई, हरणं काय कठीण हाय का?" मी छाती फुगवून म्हणालो. एकवीस वर्षांचा होतो. जगातली कुठलीच गोष्ट कठीण वाटत नव्हती. हरायचा तर अनुभवच नव्हता!

भाऊबीजेला सकाळी सगळं घर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जमलं. पाच ठिकाणी टोपली ठेवली होती: कडुनिंबाखाली, कपाशीच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीजवळ, विहिरीवरच्या मोटारघरामागे आणि शेवटचं अंगणात उभ्या असलेल्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर. बाबा कोळसा घेऊन मोटारघराच्या भिंतीपाशी आकडे लिहायला बसले. भाऊजींनी पांढरी घेतली, मला लाल दिली.

पहिल्या टोपल्याला भाऊजींना तीन फेकी लागल्या. मी ठरवलं, आपण सात तरी लावायच्या. टोपलं उजवीकडे होतं, म्हणून मी तोंड डावीकडे केलं, डोळे मिटले आणि तबकडी भिरकावली. ती वर गेली, वाऱ्यावर आडवी झाली, वळली, कडुनिंबाच्या खोडावर आपटली आणि खाली टोपल्यात जाऊन अशी बसली, जणू तिथेच जन्मली होती!

"एका फेकीत!" भाऊजी टाळ्या वाजवू लागले. "वा रे पठ्ठ्या!"

बाबांनी भिंतीवर एक काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर पेटवलं होतं.

"बाबा, म्या काही केलं नाई," मी पुटपुटलो.

"तेच तं कराले सांगतलं होतं! काही नको करू!"

दुसऱ्या टोपल्याला भाऊजींची तबकडी कपाशीत गेली. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे कपाशी फुटलेली असते. एकरभर पांढऱ्या कापसात एक पांढरी तबकडी! आम्ही सगळे शोधायला उतरलो. वेचणीच्या बायाही आल्या. इमलाबाईने तबकडी शोधता शोधता सवयीने ओटीभर कापूस वेचला. शेवटी तीच ओरडली, "दिनूभाऊ, हे बोंड लयच मोठं हाय!"

मी धावलो. भाऊजी दूर होते. माझ्या डोक्यात वीज चमकली. मी तबकडी उचलली, सदऱ्याखाली घातली, टोपल्यापासून दोन पावलांवर हळूच ठेवली आणि आरोळी ठोकली, "भाऊजी, सापडली! टोपल्याजवळच हाय!"

भाऊजी आले. तबकडीकडे पाहिलं. मागे कपाशीकडे पाहिलं.

"हे इथं पडूच शकत नाई," ते म्हणाले. "मी तं तिकडं फेकलती."

"वारा असन, भाऊजी."

"कपाशीचं पान हाललं नाई, अन् वारा? नाई नाई. जागा चुकली. बाबा, मले एक दंड लिहा."

मदत माझी, दंड त्यांना!

यानंतर सगळं घर भाऊजींच्या मदतीला धावलं आणि भाऊजी खड्ड्यात गेले. गंजीजवळ त्यांची तबकडी लांब जाणार असं दिसताच गंगारामने मध्ये पाय घातला आणि ती टोपल्यापाशी अडवली. भाऊजी म्हणाले, "माणसाले लागली. एक दंड." मोटारघरामागे आईने टोपलंच उचलून त्यांच्या दिशेला चार पावलं पुढे आणलं. (आई म्हणाली, तिला तिथं गवऱ्या वाळत घालायच्या होत्या.) भाऊजी म्हणाले, "टोपलं हाललं. ही फेक बाद." बाबांनी तर कमाल केली. भाऊजींच्या पाचाचे त्यांनी भिंतीवर तीन लिहिले. भाऊजी चालत भिंतीपाशी गेले, धोतराच्या सोग्याने तीन पुसले, सहा लिहिले आणि नम्रपणे म्हणाले, "एक माहा राहिला होता सांगाचा."

इकडे मी! मी पाठमोरा फेकत होतो, डाव्या हाताने फेकत होतो, एकदा तर तंगड्यांमधून फेकली. दर वेळी लाल तबकडी जाऊन टोपल्याला बिलगत होती. चार टोपली संपली तेव्हा माझ्या नऊ फेकी झाल्या होत्या आणि भाऊजींच्या एकोणीस.

माझा राग आता मस्तकात गेला होता. आयुष्यभर मी हरलो म्हणून चिडलो. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरा जिंकत नाही म्हणून चिडलो! अरे, एवढी माणसं खपताहेत आणि या माणसाला साधी रडी करता येत नाही?

पाचव्या टोपल्याला मी ठरवलं, आता संशयाला जागाच ठेवायची नाही. मी बंडीकडे पाठ केली आणि तबकडी सरळ गावाच्या दिशेने फेकली.

भाऊजी थांबले. "दिनकर," ते म्हणाले. (तोवर मी दिनू होतो.) "बंडी मागं हाय."

"हो का? मले दिसलीच नाई."

"बंडी दिसली नाई? बैलासकट?"

भाऊजींनी एकेकाकडे पाहिलं: गंगारामच्या पायाकडे, आईच्या हातातल्या गवरीकडे, बाबांच्या कोळशाने काळ्या झालेल्या बोटांकडे. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. एक नाही, तीन पडल्या!

"तुमी मले खेळवून राह्यले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "लहान पोराले जिंकवते तसं. मी काय पाहुणा हाय का पोरगं हाय? शकू, बॅग भर. दुपारच्या एस.टी.नं हिंगणघाट गाठू."

बाबांच्या हातून कोळसा पडला. अनारसे अजून तळायचेच होते आणि जवाईबापू रुसले होते! तेही जिंकवल्यामुळे. ताईचा चेहरा असा झाला की मला विहिरीत स्वतःलाच टाकावंसं वाटलं.

"भाऊजी, माफ करा," मी हात जोडले. "चुकलो. आता खरं खेळतो."

भाऊजी म्हणाले, "बाबा, भिंत पुसा. मागचं सारं गेलं. हे एकच टोपलं. पण दिनकर, एकही फेक खोटी दिसली तं मी चाललो."

मी बाबांच्या कानाशी लागलो. "बाबा, आता जिंकू का हरू?"

"मले काऊन विचारतं? मले काय माहीत!" बाबांचा आवाज रडवेला झाला होता.

ताई पुढे आली. "कोणालेच नको विचारू. खेळ ना बाप्पा जसा खेळतं तसा!"

भाऊजींनी तीन फेकींत तबकडी बंडीवरच्या टोपल्यात घातली. मग मी. पहिली फेक अशी गेली की टोपलं उरलं चार पावलांवर. दुसऱ्या फेकीत आत गेली की मी जिंकलो! त्या क्षणी बी.एड. गेलं, अनारसे गेले, ताईसुद्धा गेली. माझ्या डोळ्यांपुढे फक्त टोपलं होतं. मी नेम धरला, श्वास रोखला आणि तबकडी सोडली. सरळ, सुंदर, टोपल्याच्या मधोमध चालली होती.

तेवढ्यात बंडीला बांधलेल्या चांद्या बैलाने माशी उडवायला मान हलवली.

बंडी हलली. टोपलं तिरपं झालं. तबकडी काठावर आपटली, खाली पडली, घरंगळत माझ्याच पायाशी आली.

"रडी!" मी किंचाळलो. "बैलानं रडी केली! सगळ्याइनं पाह्यलं! मान हालवली यानं!"

"दिनू, अरे—" आई म्हणाली.

"मुद्दाम हालवली! माही फेक सुटल्यावरच काऊन हालवली? आधी काऊन नाई?" मी चांद्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो. "सांग! काऊन?"

चांद्या रवंथ करत राहिला. त्याच्या त्या शांतपणाने माझा उरलासुरला तोल गेला. तिसरी फेक शिल्लक होती. चार पावलांवरून टोपल्यात टाकली असती तर बरोबरी झाली असती. मी तबकडी उचलली, गरकन वळलो आणि सगळा जोर लावून विहिरीत फेकली.

डुबुक.

कपाशीतल्या बायाही वेचायच्या थांबल्या. परदेशातून आलेली तबकडी घराण्याच्या बाकीच्या खेळांशेजारी जाऊन बसली होती. संपलं, मी मनात म्हणालो. ताईचं वर्ध्याला जाणं मी विहिरीत टाकलं.

मग एक आवाज आला. भाऊजी हसत होते. धुऱ्यावर बसले, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी.

"हे खरं!" ते म्हणाले. "बैलाशी भांडला! असा राग कोणाले खोटा आणता येत नाई, बाबा. आता कसा खेळला लेकाचा!"

ताईने तिसऱ्या अनारशाची वाट पाहिली नाही. ती सरळ त्यांच्यासमोर गेली. "अहो, मले बी.एड. करायचं हाय. वर्ध्याले. एक वर्ष मावशीकडं राहीन."

भाऊजींचं हसू थांबलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. "याच्यासाठी हे सारं?"

बाबा चांद्याच्या पाठीवरच्या माश्या हाकलू लागले.

"मंग विचाराचं ना सरळ! मी नाई कायले म्हणीन?" ते म्हणाले. "पोळ्या लाटता येत नाई मले, एवढंच. त्या शिकवून जाजो."

ताई बी.एड. झाली, शाळेत लागली, पुढे मुख्याध्यापिका होऊन निवृत्तही झाली. दर भाऊबीजेला ओवाळताना ती नातवंडांना सांगते, "माह्या भावानं माह्यासाठी जिंकलेला डाव मुद्दाम सोडला." पोरं माझ्याकडे आदराने पाहतात. मी नम्रपणे मान खाली घालतो आणि अनारसा उचलतो.

पण खोटा मान पचत नाही, म्हणून आज आपली चूक आपणच सांगतो. मी काही सोडलंबिडलं नाही. ती फेक मी जिंकायलाच मारली होती आणि अगदी प्रामाणिकपणे हरलो.

म्हणजे, हरलो असं नाही. बैलाने मान हलवली.