शेवटचा माड

काल संध्याकाळी भरतीच्या लाटांनी आत्याच्या परसातला शेवटचा माड आडवा केला. मी अडवत असतानाही ती तरातरा पाण्याकडे गेली आणि समुद्रावर ओरडली, "मेल्या, विहीर खारी केलीस, गोठा गिळलास, अजून पोट भरलं नाही तुझं?"

नकाशात किनारा म्हणजे एक रेघ, असं मी शाळेत मुलांना शिकवतो. इथे ती रेघ दर पावसाळ्यात आमच्या अंगणात सरकते आणि तिला आमची जराही माया नाही.

"आत्या, मागे ये!"

"मी का म्हणून? त्याला सांग की मागे जायला!"

लाट तिच्या घोट्यांवरून गेली आणि परतताना टाचांखालची वाळू ओढून नेली. आत्या डगमगली, पण तिथून हलली नाही.